घर बांधतोय, कार्डावर नोंदणी क्रमांक नाही. काय करू?

नीलमोहर:
साताऱ्याजवळ दीड गुंठ्याचा एनए प्लॉट आहे, तळमजला अधिक एक असं बांधायचंय. ज्यांना प्लॅन द्यायचा विचार आहे त्यांच्या कार्डावर 'आर्किटेक्चरल कन्सल्टंट' एवढंच आहे. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाले, "वीस वर्षं हेच करतोय, नंबराचं काय घेऊन बसलात?" फी मात्र बरीच कमी सांगतात.

ओळंबा:
आमच्याकडे निम्मी घरं डिप्लोमावाल्यांनीच काढलीत, उभी आहेत की! मंजुरीला चालेल अशी सही असली म्हणजे झालं.

चौकट:
ओळंबा, बेकायदा काही नाहीच त्यात. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्यालाच 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येतं. पण कलम ३७ फक्त या बिरुदापुरतं आहे, नोंद नसलेल्याला प्लॅन काढायला त्याने बंदी होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. (नोंद नसताना बिरुद लावलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत. कोण घाबरतंय!)

फरक पडतो तो काम बिनसल्यावर. नोंदणीकृत माणसाला १९८९ ची वर्तणूक नियमावली लागू असते. तुम्हाला न विचारता काम दुसऱ्या आर्किटेक्टकडे सरकवलं, ठेकेदाराशी व्यवहार करताना पक्षपात केला, तर काउन्सिलकडे तक्रार करता येते. चौकशीत दोषी ठरला तर ताकीद, निलंबन, नाहीतर नोंदवहीतून नावच जातं. म्हणजे त्याच्या रोजीरोटीचा प्रश्न. तुमचे पैसे मात्र काउन्सिल परत मिळवून देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग. तिथे नोंद नसलेल्यालाही खेचता येतं, पण कागद लागतात. तेव्हा काम काय, फी किती, साइटवर कितीदा येणार, सगळं लेखी घ्या.

नीलमोहर:
नंबर खरा कसा ओळखायचा?

चौकट:
'सीए', मग वर्ष, मग आकडा असा असतो. काउन्सिलच्या साइटवर नावाने शोधा. नोंद चालू आहे ना तेही बघा, नूतनीकरणाची फी थकली की नाव निघतं. आरसीसीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा लागेल, त्यात काटकसर नको.

नीलमोहर:
आत्ताच फोन केला. प्लॅन हे काढणार आणि सही पुण्याच्या एका आर्किटेक्टची होणार म्हणे. त्यांना भेटायचं म्हटलं तर "कशाला उगाच?"

ओळंबा:
हे काही बरं नाही हां.

चौकट:
त्या पुण्याच्या माणसालाच गाठा. करारावर सही करायला तयार आहेत का, तेवढं विचारा. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.