मदत हवी आहे: पावसात एक्सप्रेसवेवर अंतर ठेवलं की मध्ये गाडी घुसते. करायचं काय?

वाकडची_लेक (गुरुवार, रात्री ९.०५)
लवकर उत्तर द्या प्लीज, उद्या पहाटे निघायचंय. जिथे तिथे लिहिलेलं असतं की पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. ठेवते. ठेवलं की लगेच त्या जागेत कोणीतरी गाडी घालतो. मी मागे सरकते, की दुसरा येतो. मागचा डिपर मारून मारून वैताग आणतो. अशीच मागे सरकत राहिले तर पनवेलऐवजी परत वाकडला पोचेन. हे अंतर प्रत्यक्षात राखायचं कसं एवढंच सांगा. "पावसात प्रवास टाळा" असं कृपया लिहू नका, टाळता येणार नाहीये.

निवांत_काका (९.११)
पावसात प्रवास टाळा. नाहीच जमलं तर उजाडल्यावर निघा. पहाटे घाटात धुकं असतं.

घाटवाला (९.१४)
ताई, गाडी कुठली? टायर किती जुने? वेग किती असतो? कुठल्या लेनमध्ये चालवता? हे घाटात होतं की खाली सपाटीला? काहीच न सांगता उत्तर कसं द्यायचं?

वाकडची_लेक (९.१७)
पांढरी हॅचबॅक आहे. वेग ८०. बाकीच्याचा काय संबंध? प्रश्न अंतराचा आहे.

टायरपंडित (९.२०)
रंग कळला, टायर नाही कळले 😀 सगळा संबंध टायरचाच आहे. खाचांमध्ये मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, टायर बाद. पण पावसासाठी तिथवर थांबूच नये, ३ मिमीच्या खाली गेले की मी बदलतो. आणि पावसाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा. टायर रस्त्याला जास्त चिकटतो. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

फिजिक्सवाली_मावशी (९.२६)
पंडित, खाचांचं बरोबर, हवेचं साफ चूक. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना हवा कमी असली तर टायर पाणी बाजूला सारायला कमी पडतो आणि उलट कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. दाराच्या चौकटीवर कंपनीनं जेवढा आकडा दिलाय तेवढीच हवा ठेवायची, तीही टायर थंड असताना भरायची.

टायरपंडित (९.२९)
वाळूत हवा कमी करतात ते काय उगीच?

फिजिक्सवाली_मावशी (९.३१)
खंडाळ्यात वाळू कुठे आहे?

लोकलप्रेमी (९.३३)
एवढा व्याप कशाला? प्रगती पनवेलवरून जाते, शिवाजीनगरला थांबते. खिडकीत बसून पाऊस बघत जायचं.

वाकडची_लेक (९.३५)
सोबत आई आणि तिची व्हीलचेअर आहे, बेलापूरला दवाखान्यात ९ वाजता नंबर आहे. कृपया प्रश्नावर बोला.

श्टुटगार्टचा_सदू (९.४१)
आमच्याकडे जर्मनीत सोपा नियम आहे: स्पीडोमीटरवर जो आकडा, त्याच्या निम्मे मीटर अंतर. १०० ला ५० मीटर. ऑटोबानवर पुलावरून कॅमेऱ्यानं अंतर मोजतात आणि कमी भरलं तर दंडाचं पत्र घरी येतं. त्यामुळे मध्ये घुसायला कोणी धजावत नाही. आपल्याकडे शिस्तच नाही, तर काय करणार!

घाटवाला (९.४४)
सदूभाऊ, ताईंना उद्या कळंबोलीला उतरायचंय, श्टुटगार्टला नाही.

फिजिक्सवाली_मावशी (९.५२)
शिवाय तो निम्म्याचा हिशोब कोरड्या रस्त्याचा. ८० ला ४० मीटर म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. पावसात किमान चार सेकंद हवेत, म्हणजे ८० च्या वेगात जवळपास ९० मीटर. मीटर डोळ्यांनी मोजायच्या भानगडीत पडू नका. पुढची गाडी एखाद्या फलकाखालून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार" म्हणायचं. चार म्हणून व्हायच्या आत तुम्ही फलकापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

आता मूळ प्रश्न. एक गाडी मध्ये घुसली की पुन्हा अंतर पाडायला तुमचे फार तर चार सेकंद जातात. वाटेत चाळीस गाड्या घुसल्या असं धरा. १६० सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. परत वाकडला पोचल्यासारखं वाटतं, पण घड्याळाला ते पटत नाही. आणि घुसणारा बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जोरातच असतो. ब्रेकला पाय लावू नका, नुसता ॲक्सिलरेटर सोडा, तो आपणहून लांब जातो.

वाकडची_लेक (९.५८)
हे पटलं. पण मागच्याचं काय? मी ॲक्सिलरेटर सोडला की तो डिकीला चिकटतो.

घाटवाला (१०.०१)
परत विचारतो. लेन कुठली?

वाकडची_लेक (१०.०३)
पहिली.

घाटवाला (१०.०४)
पहिली म्हणजे कुठून पहिली?

वाकडची_लेक (१०.०६)
डिव्हायडरला लागून. मधल्या लेनमध्ये ट्रकच्या चाकांचा फवारा काचेवर येतो, वायपर फुल केला तरी काही दिसत नाही.

घाटवाला (१०.११)
घ्या! भर पावसात ८० नं उजव्या लेनमध्ये. ती लेन ओव्हरटेकची. तिथे रिकामी जागा दिसली की मागच्याला वाटतं तुम्ही झोपलात. तुमच्या डावीकडून येऊन तो घुसणारच. शिवाय डिव्हायडरच्या कडेला पाणी साचतं, उजवी चाकं त्यात गेली की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. मधल्या लेनमध्ये या, ती आपली, कारची.

निवांत_काका (१०.१५)
मधली कारची हे फलकावर. प्रत्यक्षात तिथे कंटेनर रांगेनं चढत असतात आणि एखादा उजव्या लेनमध्येसुद्धा सापडतो. अवजड गाड्यांना डावी लेन नेमून दिलेली असताना त्यांना कोणी विचारत नाही, आणि ताईंना उपदेश.

घाटवाला (१०.१९)
काका, ट्रकवाल्यांची तक्रार उद्या करू. मी स्वतः टेम्पो चालवलाय, सगळे तसे नसतात. फवाऱ्यावर उपाय दोनच. एक तर ट्रकच्या इतकं मागे राहायचं की फवारा खाली बसलेला असेल, नाहीतर समोर मोकळं दिसत असेल तेव्हा झटकन पुढे निघून जायचं. ट्रकच्या मागच्या चाकांच्या बाजूला रेंगाळायचं नाही, तिथे सगळ्यात जास्त पाणी अंगावर येतं. ओव्हरटेक सुरू करायच्या आधीच वायपर वाढवा.

एडासवाला (१०.२२)
माझ्या गाडीत अडॅप्टिव्ह क्रूझ आहे, अंतर गाडीच राखते. आता नवी गाडी घ्याल ती याच फीचरची घ्या.

फिजिक्सवाली_मावशी (१०.२६)
पहाटेपर्यंत? आणि तुमच्याच गाडीचं मॅन्युअल उघडा. जोराच्या पावसात कॅमेरा-रडारवर विसंबू नका असं बहुतेक कंपन्या स्वतःच छापतात. साधा क्रूझ कंट्रोलसुद्धा (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवतो तो) पावसात बंद.

मागच्याचं राहिलं. तो चिकटलाय म्हणून वेग वाढवायचा नाही, उलट पुढचं अंतर आणखी वाढवायचं. पुढे काही घडलं तर तुम्हाला हळूहळू थांबता येतं, आणि म्हणून त्यालाही थांबता येतं. पुढची रांग मंदावताना दिसली की ब्रेकला दोनदा हलकं टेकवा, मागचे दिवे चमकून त्याला आधी कळतं. ढोबळ हिशोब सांगते: ८० ला कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ७० मीटर लागतात, ओल्यावर ९५. ६० ला ओल्यावर ६०. म्हणजे वीसनं वेग उतरवला की पावसानं नेलेलं सगळं परत मिळतं. पण ६० नं जायचं तर डावीकडच्या बाजूला. उजव्या लेनमध्ये ६० नं गेलात तर मागून ठोकर बसेल.

श्टुटगार्टचा_सदू (१०.३०)
इथे पाऊस किंवा धुक्यानं ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर कायद्यानं ५० च्या वर जाता येत नाही. हा तरी नियम तिथे चालेल ना?

घाटवाला (१०.३३)
हा चालेल, घाटात तर नक्कीच.

ताई, घाटाचं वेगळं सांगतो. खंडाळ्यानंतर जुन्या हायवेची वाहतूकही त्याच रस्त्याला येऊन मिळते, त्यामुळे तिथे अंतर मिनिटामिनिटाला मोडतं. उतारावर पुढच्यापेक्षा मागच्याकडे जास्त लक्ष ठेवा. लांब उतारावर ट्रकचे ब्रेक तापतात, कधी लागतच नाहीत. आरशात ट्रक भरभर मोठा होताना दिसला की त्याची लेन सोडा. आणि गाडी गियरमध्ये उतरवा, दुसऱ्या-तिसऱ्यात. सतत ब्रेकवर पाय नको. ऑटोमॅटिक आहे का?

वाकडची_लेक (१०.३६)
एएमटी.

घाटवाला (१०.३८)
मग लिव्हर मॅन्युअलला घ्या आणि गियर स्वतः उतरवा. आपोआपवर सोडलंत तर उतारावर ती वरचा गियर टाकते आणि गाडी पळते.

निवांत_काका (१०.४१)
आणि चारही इंडिकेटर लावून चालवू नका. पाऊस आला की अर्धा एक्सप्रेसवे लुकलुकायला लागतो. लेन बदलताय की थांबलाय, मागच्याला काही कळत नाही. ते दिवे गाडी उभी असेल तेव्हाचे. हेडलाइट लो बीमवर पुरे. फारच झोडपायला लागलं तर कडेच्या पट्टीवर थांबू नका, खालापूरच्या फूड मॉलला शिरा. वडा महाग आहे, पण गरम असतो.

लोकलप्रेमी (१०.४३)
गरम? तुम्हाला कुठला मिळाला? मला नेहमी सकाळचाच मिळतो.

टायरपंडित (१०.४६)
वड्यावर वेगळा धागा काढा. ताई, टायर किती जुने ते अजून सांगितलं नाहीत.

वाकडची_लेक (१०.५५)
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन बघून आले. पुढच्या दोन्ही टायरला ते उंचवटे वरच्या रबरापासून बरेच खाली आहेत, मागचा डावा मात्र जवळपास टेकलाय. सकाळी ६ ला कुठलं दुकान उघडं असणार? स्टेपनी नवीनच आहे, ती मागे लावू का?

टायरपंडित (१०.५८)
स्टेपनीचं माप बाकीच्या टायरएवढंच आहे का? काही हॅचबॅकमध्ये स्टेपनी छोटी देतात आणि तिच्यावर ८० च्या वेगमर्यादेचा आकडा छापलेला असतो. तशी असेल तर नको.

वाकडची_लेक (११.०४)
मापाचा आकडा १४ आहे, बाकीच्यांवर १५. ८० चं स्टिकर पण आहे.

टायरपंडित (११.०६)
मग नकोच. आहे तोच राहू द्या, सकाळी पंपावर चारही टायरची हवा तपासा, कंपनीच्या आकड्याएवढी (मावशी जिंकल्या). ६० च्या वर जाऊ नका. बेलापूरला पोचलात की परत निघायच्या आधी मागची जोडी बदला, एकटा बदलू नका.

घाटवाला (११.०९)
आणि ६ ला नाही, ५ ला निघा. ९ चा नंबर आहे म्हणताय, ६० नं जायचं म्हणजे तेवढा वेळ हाताशी हवा.

निवांत_काका (११.१०)
५ ला अंधार असतो. मी काय म्हणत होतो?