फळीवरचा माल आणि कंपनीचे आकडे: काय पाहता, कशाशी ताडता?

चौकस ग्राहक

साबण, बिस्किटे, तेल, शाम्पू बनवणाऱ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या हौशी गुंतवणूकदाराला एक सोय आयती मिळते: माल रोज डोळ्यांसमोर असतो. पण "हा ब्रँड सगळीकडे दिसतो, म्हणजे कंपनी जोरात आहे" एवढ्यावर शेअर घेणे धोक्याचे. दुकानात दिसलेली गोष्ट कंपनीच्या तिमाही निकालातल्या कोणत्या ओळीत उतरते हे सांगता आले, तरच ती कामाची. या धाग्यावर सगळ्यांनी तेवढ्याच अंगाने लिहा. शिफारशी नकोत, भावाची भाकिते नकोत.

सुरुवात पुड्याच्या मागच्या बाजूने करते. आधी मालक कोण ते वाचायचे, कारण नावावरून फार सहज गफलत होते. लक्स साबण हिंदुस्तान युनिलिव्हरचा; लक्स इंडस्ट्रीज ही बनियन-अंतर्वस्त्रे बनवणारी वेगळीच कंपनी. पार्ले-जी बनवणारी पार्ले प्रॉडक्ट्स शेअर बाजारात नाही. अमूल हा सहकारी संघाचा ब्रँड, त्याचा शेअर नाही. डेटॉलची मालक रेकिट लंडनच्या बाजारात नोंदलेली आहे. पेप्सीचा खप वाढताना दिसला, तर इथे मिळतो तो बाटल्या भरणाऱ्या वरुण बेव्हरेजेसचा शेअर. त्या धंद्याचा नफा कारखाने, ट्रक आणि दुकानांत ठेवलेल्या फ्रीजवर उभा असतो, म्हणून तिथे घसारा (यंत्रे-वाहनांच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेला खर्च) आणि कर्ज हे दोन आकडे आधी पाहायला हवेत.

दुसरी अडचण आकाराची. आवडलेली वस्तू कंपनीच्या एकूण नफ्यात किती? आयटीसीची बिस्किटे आणि नूडल्स फळीवर भरपूर दिसतात, पण नफ्याचा मोठा वाटा सिगारेटचा असतो. तिमाही निकालाच्या शेवटी विभागवार तक्ता असतो. त्यात त्या विभागाचा नफा भागिले एकूण विभागांचा नफा, एवढा भागाकार करून मगच निरीक्षणाला वजन द्यावे.

वजनकाटा

माझा भर ग्रॅमवर. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत बदलत नाही, आतले वजन बदलते. म्हणून नोंद ठेवायची ती किंमत, निव्वळ वजन आणि उत्पादनाचा महिना अशी तिन्हींची. पाकिटावर आता प्रति ग्रॅम दरही छापलेला असतो (एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटावर प्रति किलो), त्यामुळे वेगवेगळ्या आकारांची तुलना सोपी झाली आहे.

याचा निकालाशी संबंध असा. समजा दहा रुपयांचा पुडा ६० ग्रॅमचा ५४ ग्रॅम झाला. वजन १०% घटले, पण प्रति ग्रॅम दर ११.१% वाढला. आता पुडे ५% जास्त खपले तर रुपयांतली विक्री ५% वाढेल आणि टनांतली विक्री ५.५% घटेल (१.०५ गुणिले ०.९० म्हणजे ०.९४५). कंपनीने "आकारमान (म्हणजे विकलेल्या मालाचे प्रमाण) घटले" म्हटले की गिऱ्हाईक पळाले असे समजू नये. आणि "विक्री वाढली" म्हटले की मागणी वाढली असेही नाही. त्यातही प्रत्येक कंपनी आकारमान सारखे मोजत नाही. कोणी टन मोजते, कोणी पुडे, कोणी उत्पादनांच्या मिश्रणानुसार दुरुस्ती करून आकडा देते. ही व्याख्या निकालानंतरच्या विश्लेषक-बैठकीच्या शब्दांकनात (ट्रान्सक्रिप्टमध्ये) सापडते. ते शब्दांकन बैठकीनंतर कामकाजाच्या पाच दिवसांत शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकणे कंपनीला बंधनकारक आहे. व्याख्या कळल्याशिवाय दोन कंपन्यांची आकारमान-वाढ शेजारी ठेवू नका.

फसगत होते ती "२०% जादा मोफत"च्या पाकिटाने. ती नेहमीच्या वजनात धरली की पुढच्या महिन्यात वजनकपात झाल्यासारखी दिसते. अशा पाकिटाची वेगळी नोंद करावी.

आकडेमोड

वजनकाटा यांच्या मुद्द्याला जोडून जीएसटीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर आली. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. कपात ग्राहकापर्यंत पूर्ण पोचली का, हे घरच्या घरी तपासता येते: १.०५ भागिले १.१८ म्हणजे ०.८९. १०० रुपयांची बाटली ८९ ला आली तर पूर्ण लाभ दिला. दहाच्या पुड्याची किंमत तीच ठेवली असेल तर वजन सुमारे १२.४% वाढायला हवे, ५० ग्रॅमचे ५६ व्हायला हवे.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. कंपनीच्या हिशेबात विक्री जीएसटी वगळून धरतात. त्यामुळे छापील किंमत ११% उतरली म्हणून कंपनीचे उत्पन्न ११% घटत नाही. बाटलीमागे तिला तेवढेच मिळते, आणि स्वस्ताईने खप वाढला तर ती वाढ वरची.

गोदामाकडून

वितरणाच्या बाजूचे लिहितो, कारण फळीवर दिसणारा माल आणि कंपनीने विकलेला माल यांच्यात बरेच अंतर असते. कंपनी वितरकाला माल देते ती प्रायमरी विक्री. वितरक दुकानदाराला देतो ती सेकंडरी. नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून येते ती प्रायमरी. म्हणजे गिऱ्हाइकाने पुडा उचलण्याआधीच विक्री नोंदवून झालेली असते, आणि वितरकाच्या गोदामात दहा दिवसांचा माल वाढवला की तिमाही छान दिसते.

बाहेरच्या माणसाला हे ओळखता येते उत्पादन तारखेवरून. एकाच वस्तूचे फळीवरचे पुढचे आणि अगदी मागचे पाकीट पाहा. दुकानदार जुना माल पुढे ठेवतो, त्यामुळे फक्त पुढचे पाहिले तर अंदाज चुकतो. मागचेही जुने असेल तर माल अडकला आहे. जलद खपणाऱ्या मालाची उत्पादन तारीख काही आठवड्यांपूर्वीची असते. सहा महिने टिकणाऱ्या बिस्किटाचा तीन महिने जुना पुडा तीन-चार दुकानांत सापडला तर तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. एकाच दुकानावरून मात्र ठरवू नये, तो त्या दुकानदाराचाही दोष असू शकतो.

दुसरी खूण योजनेची. "१२ वर १ मोफत" म्हणजे १३ नगांना १२ चे पैसे, सुमारे ७.७% सूट. योजना वर्षभर असतात. महिनाअखेरीस, विशेषतः मार्चअखेरीस, अचानक दुप्पट झाली तर माल ढकलला जातोय. त्याचा परिणाम एप्रिल-जूनमध्ये दिसतो, कारण दुकानदार आधी भरलेला माल संपवतो आणि नवीन उचलत नाही.

याच्या उलटही घडते. १५ ऑगस्ट २०२५ ला करकपातीची घोषणा झाली आणि दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधल्या पाच आठवड्यांत व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, जुना माल संपवण्यावर भर दिला. त्या तिमाहीचे आकडे एकटे वाचले तर मागणी कोसळल्यासारखे वाटते. सप्टेंबर आणि डिसेंबर या दोन तिमाह्या एकत्र करून मागच्या वर्षीच्या त्याच सहामाहीशी तुलना करावी.

आणि नजरेच्या उंचीवरच्या फळीवर विश्वास ठेवू नका. मोठ्या दुकानांत ती जागा पैसे देऊन घेतलेली असते.

वडी आणि वास

कच्च्या मालाबद्दल. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणजे एकूण मेदयुक्त पदार्थांचे प्रमाण छापलेले असते. आयएस २८८८ या भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपचा पहिला ग्रेड किमान ७६%, दुसरा ७०%, तिसरा ६०%. "बेदिंग बार" हा वेगळ्या मानकाखाली येतो आणि तिथे मेद यापेक्षा बराच कमी चालतो. मेद मुख्यतः पाम तेलाच्या घराण्यातून येतो. पाम महागले की कंपनीपुढे चार वाटा: भाव वाढवणे, वडी लहान करणे, टीएफएम उतरवणे, नफा सोसणे. पहिल्या तीन वेष्टनावर दिसतात. भाव, वजन आणि टीएफएम तिन्ही जैसे थे असतील, तर चौथी वाट धरलेली असते आणि ती पुढच्या निकालात उघड होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे उपकर धरून एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेले आणि मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणले गेले. असा बदल वाचला की लगेच त्याच तिमाहीत परिणाम शोधू नये. कंपनीकडे कच्च्या मालाचा साठा असतो, तयार मालाचा असतो, काही खरेदी आधीच ठरलेल्या भावाने असते. वार्षिक अहवालातून साठ्याचे दिवस काढा (साठा भागिले मालाचा खर्च, गुणिले ३६५). साधारण तेवढ्या उशिराने झळ पोचते. दिवस ६० आले तर पुढच्या तिमाहीकडे बघायचे.

घटकांची यादीही वाचण्यासारखी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. एखादा महाग घटक यादीत एक पायरी खाली सरकला तर मिश्रण बदलले. आईस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांतही हेच: आईस्क्रीममध्ये किमान १०% दुधाचा मेद लागतो, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल वापरतात. फ्रीजमध्ये शेजारी असले तरी एकाचा नफा दुधाच्या भावावर हलतो, दुसऱ्याचा तेलाच्या.

ताळेबंद

वरच्या निरीक्षणांची पडताळणी ज्या ओळींत होते त्या सांगतो.

सकल नफा बहुतेक कंपन्या वेगळा छापत नाहीत, काढावा लागतो. विक्रीतून वापरलेल्या मालाची किंमत, विक्रीसाठी घेतलेल्या तयार मालाची खरेदी आणि साठ्यातील बदल हे तिन्ही वजा करा. तिसरी ओळ लोक विसरतात. तिचे चिन्ह ऋण असेल तर साठा वाढलेला असतो.

पाकिटावर "उत्पादक" एक आणि "विपणन" दुसरे अशी दोन नावे असतील तर तयार मालाच्या खरेदीची ओळ मोठी निघते. अशा कंपनीचा स्वतःचा कारखाना कमी, म्हणून भांडवलावरचा परतावा भरघोस दिसतो. तो स्वतःच्या कारखान्यात माल बनवणाऱ्या कंपनीशी थेट ताडू नये. कच्चा माल कंपनीने देऊन बाहेरून फक्त बनवून घेतले असेल, तर मजुरी "इतर खर्चा"त जाते आणि सकल नफा फुगलेला दिसतो. दोन्ही कंपन्यांचा परिचालन नफा (धंदा चालवण्याचे सगळे खर्च वजा जाऊन उरलेला) पाहणे मग जास्त बरोबर.

गोदामाकडून यांनी सांगितलेला ढकलाढकलीचा संशय येणी (उधारीवर विकलेल्या मालाचे यायचे पैसे) वाढली का यावर तपासायचा. मार्च तिमाहीची विक्री ८% वाढली आणि ३१ मार्चची येणी ३०% वाढली तर उधारीवर माल गेला. ताळेबंद आणि रोख प्रवाह सहामाहीला, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालासोबतच मिळतो. जून-डिसेंबरला हा तपास होत नाही. वार्षिक अहवालात येण्यांचे वयही दिलेले असते: सहा महिन्यांच्या आतली, एक वर्षापर्यंतची, दोन, तीन आणि त्यापुढची. साबण-बिस्किटांच्या धंद्यात सहा महिन्यांपुढच्या रकान्यात मोठी रक्कम दिसणे वाईट.

यात एक पळवाट आहे. बँक वितरकाला कर्ज देऊन कंपनीचे पैसे लगेच चुकते करते. येणी नाहीशी होतात, पण वितरकाने बुडवले तर जबाबदारी कंपनीवर येते का, हे हिशेबाच्या टिपांमध्ये संभाव्य देण्यांखाली शोधावे.

योजना आणि फळीभाड्याचे पैसेही आता बहुतांशी विक्रीतूनच वजा होतात. त्यामुळे जाहिरात खर्च कमी झाला म्हणून लगेच आनंद मानू नका. तो पैसा सूट म्हणून वर विक्रीच्या ओळीत गेला असेल.

ऋतुमान

थंड पेये, आईस्क्रीम, एसी यांत हवामान बघा. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. अशा वर्षी एप्रिल-जून तिमाही पडणारच. पुढच्या उन्हाळ्यात त्या पडलेल्या तिमाहीवर मोजलेली वाढ मोठी दिसेल, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरून वाढीची वार्षिक सरासरी काढावी.

आडवा प्रश्न

शहरात राहणाऱ्याची नमुना-निवडच वाकडी असते. दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या ॲपवर मोजकेच ब्रँड असतात, जागा थोडी असते. "संपले" लिहिलेले दिसले की मागणी समजतात, अनेकदा तो पुरवठ्याचा घोळ असतो. आठवडी बाजारातल्या टपरीवर कोणते सॅशे लटकतात तेही पाहावे. तिथे नसलेल्या कंपनीने "ग्रामीण मागणी सावरली" म्हटले तर तिला त्याचा फायदा कसा होणार?

आणि कंपनी चांगली असणे वेगळे, शेअरचा भाव परवडणे वेगळे. किंमत-मिळकत गुणोत्तर ६० म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला १.६७ रुपये नफा. एवढ्या भावात बरीच पुढची वाढ आधीच धरलेली असते. पुडा कितीही खपताना दिसो, हा भागाकार टाळू नये.

गोदामाकडून

वितरण किंवा कंपनीत काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. दुकानातून कोणालाही दिसणारी माहिती वापरायला हरकत नाही. पण कंपनीचे न जाहीर झालेले विक्रीचे आकडे नोकरीमुळे हाती आले असतील, तर त्यावर सौदा करणे सेबी या शेअर बाजार नियामकाच्या २०१५ च्या अंतस्थ व्यवहार नियमांखाली गुन्हा ठरते. घरच्यांना सांगून त्यांच्या खात्यातून सौदा करणेही त्यातच येते.

चौकस ग्राहक

एकाच पाकिटावर चार-पाच कारखान्यांचे पत्ते असतात, त्यातून काय काढता?

वजनकाटा

पत्त्यांपुढे अ, ब, क अशी अक्षरे असतात आणि बॅच क्रमांकातल्या ठरावीक जागच्या अक्षरावरून पाकीट कुठले ते कळते. कोणती जागा, हेही पाकिटावर लिहिलेले असते. नवीन अक्षर दिसू लागले तर नवा कारखाना किंवा नवा कंत्राटदार सुरू झाला. ते वार्षिक अहवालातल्या "चालू भांडवली काम" (अजून पुरे न झालेल्या बांधकाम-यंत्रांवरचा खर्च) या ओळीशी ताडा: ती रक्कम घटून स्थावर मालमत्ता वाढली असेल तर कारखाना स्वतःचा, नसेल तर बाहेरचा. स्वतःचा असेल तर पुढच्या वर्षी घसारा वाढेल, तो धरूनच नफ्याचा अंदाज बांधा.