मदत हवी आहे: जमिनीखालच्या पाइपच्या नकाशाची अचूकता कशी मोजावी?

जीआयएस (संगणकावर नकाशे आणि स्थानांची माहिती हाताळण्याची पद्धत) शिकतेय. सरावासाठी पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचा डेटाबेस पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाचा डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) बांधलाय, यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक पद्धत). रचना नीट चालते: अमुक व्हॉल्व्ह बंद केला तर कुठला भाग कोरडा पडेल, हे क्वेरी बरोबर सांगते. सुटी राहिलेली टोकं क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरच्या टोपोलॉजी चेकरने (रेषा नीट जुळतात का ते तपासणारं साधन) शोधून जोडून घेतली.

अडलंय ते स्थानाच्या अचूकतेपाशी. अमेरिकेच्या १९९८ च्या एनएसएसडीए या नकाशातल्या स्थानाच्या अचूकतेच्या मानकात किमान २० तपासबिंदू (ज्यांची खरी जागा वेगळी मोजून नकाशाशी ताडता येते असे) सांगितलेत, तेही शक्यतो नकाशाच्या चारही चतुर्थांशांत पसरलेले, प्रत्येकात निदान २० टक्के. पण पाइप जमिनीखाली! वर दिसतात फक्त व्हॉल्व्हची झाकणं, आणि ती बहुतेक एकाच कोपऱ्यात दाटलेली. तिथला आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) छान येतो, पण मधल्या लांबलचक पाइपबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि मला शंका नेमकी तिथलीच आहे.

खोदकाम शक्य नाही. आरटीके रिसीव्हर (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं उपकरण) मिळेल. पाइप प्लास्टिकचे, सोबत तारही टाकलेली नाही, म्हणून धातू शोधणाऱ्या साध्या लोकेटरचा उपयोग नाही.

मग झाकणं आणि मधल्या रेषा यांची अचूकता वेगवेगळी नोंदवावी का? आणि रेषांसाठी बफर पद्धत (खात्रीच्या रेषेभोवती पट्टा आखून आपली रेषा त्यात किती बसते ते पाहणं) वापरायची, तर तुलनेला खात्रीची रेषा आणायची कुठून?