दंड लावा म्हणे!

वडाळाकर: काल बोरिवलीकरांनी लिहिलं, "मुंबईकर मुळातच स्वार्थी. दंड लावल्याशिवाय ओला-सुका कचरा वेगळा करणार नाही." डोकं फिरलं. आमच्या सोसायटीत कमिटीने दंड लावला. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीच्या दाराबाहेरच्या पिशवीत कोळंबीची सालं आणि औषधांची रिकामी पाकिटं एकत्र! त्याला दंडाची पावती नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही वेगळं करणं सोडलं, ज्या दहा वर्षं इमानदारीने करत होत्या. स्वार्थ नाही हो, अपमान आहे तो.

बोरिवलीकर: भावनिक लिहिता छान. फेर आणि गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांचा २००० सालचा प्रयोग वाचा. सामायिक पैशांच्या खेळात दंडाची सोय दिली आणि लोकांचं योगदान वाढलं. संपला विषय.

वडाळाकर: अर्धाच वाचलात. तिथे दंड खेळाडूच एकमेकांना करत होते, तोही स्वतःच्या पदरचे पैसे घालून. वर बसलेला सेक्रेटरी नव्हता.

मुलुंडची माई: कचऱ्याचं राहू द्या, पार्किंगचं बोला! चेअरमनच्या दोन गाड्या स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या छपरात, माझ्या मुलाची स्कूटर पावसात. चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर "पुढच्या एजीएमला (वार्षिक सभेला) बघू". तीन एजीएम झाल्या. आता टाकी धुवायला वर्गणी मागायला आले, मी दार उघडलं नाही.

बोरिवलीकर: म्हणजे स्कूटरपायी अख्ख्या बिल्डिंगने घाण पाणी प्यायचं?

मुलुंडची माई: तुम्ही कमिटीत आहात वाटतं. वास येतोय.

परळचा पोरगा: माई, सिक्सर! आमच्या चाळीत संडास धुवायची पाळी भिंतीवर खडूने लिहिलेली असायची. त्यात चाळीच्या पुढाऱ्याचंही नाव, म्हणून कोणी टाळायचं नाही.

बोरिवलीकर: चाळीचं कौतुक पुरे. आमच्या आजीच्या कपाळावर नळावरच्या भांडणातली कळशीची खोक होती, शेवटपर्यंत. आणि हो, आहे मी कमिटीत. खजिनदार. फुकट. रविवारी लोक झोपतात तेव्हा मी थकबाकीची पत्रं लिहितो. अधिकार कसला, शिव्या खायचा?

वडाळाकर: हे आधी सांगायचं ना. फुकट राबता, मान्य. पण तुमच्या सेक्रेटरीला दंडाची पावती कोण फाडणार?

बोरिवलीकर: फाडतो. खूश? माझ्याच मजल्यावर राहतो तो, लिफ्टमध्ये रोज तोंड बघायचंय.

मुलुंडची माई: आणि पार्किंग?