पऱ्हाटीचा कोळसा होत नाही, राखच होते?

एका दादांनी लिहिलंय, कोळसा करायला डब्यात पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) जाळली तर राखच उरली. हवा शिरली असणार. आम्ही गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घेतो (फवारणीच्या औषधाचा चुकूनही नको), झाकण घट्ट, त्याला खिळ्याने दोन-तीन भोकं, आणि जाळ बाहेरून. आधी पांढरा धूर, ती बहुतेक वाफच. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. तो पार थांबला की जाळ ओढायचा, भोकं ओल्या मातीने लिंपायची, रात्रभर हात लावायचा नाही. मी एकदा घाईने उघडला, कोळसा डोळ्यांदेखत पेटला! पऱ्हाटीचा कोळसा हलका, लवकर संपतो. कोंबडी भाजायची तर वाळलेली बाभूळ. चार किलो लाकडात किलोभर कोळसा निघाला तरी खूप. भरताच्या वांग्याला मात्र तुराट्याच (तुरीच्या वाळलेल्या काड्या) बऱ्या.