डोनर एग घेतलं तर गोत्राचं काय? सासूबाई अडून बसल्यात

नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. माझं वय ३९, दोनदा आयव्हीएफ फेल गेलंय, आता डॉक्टर म्हणतायत डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्या. नवरा तयार आहे पण सासूबाई म्हणतात परक्या बाईचं बीज नको, गोत्र काय सांगायचं, कुळाचार कसा चालणार. त्या वाईट नाहीयेत हो, माझ्या प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी देवापाशी बसून असायच्या, म्हणूनच त्यांना दुखवून काही करायचं नाहीये. शास्त्रात खरंच विरोध आहे का?

पेठेतला काका:
ताई, शास्त्रात बीज पुरुषाचं आणि बाई म्हणजे क्षेत्र, शेत. बीज तुमच्या मिस्टरांचंच आहे ना, मग गोत्र बदलतंच कुठे? तुमचं माहेरचं गोत्र तरी लग्नानंतर कुठे राहिलं. दत्तक मुलालासुद्धा घेणाऱ्याचंच गोत्र लागतं. आणि बलराम बघा, देवकीचा गर्भ रोहिणीच्या पोटी गेला म्हणून तो संकर्षण, म्हणजे ओढून नेलेला, पण त्याचं आणखी एक नाव रौहिणेय, म्हणजे रोहिणीचा मुलगा. जिने नऊ महिने वाढवलं तिचा.

मुळामुठा:
काका, गोत्राचं पटलं, पण बाईला नुसतं क्षेत्र म्हणणं नाही पटत. आणि असे दाखले जपून द्यावेत. महाभारतात नियोगासाठी, म्हणजे वंश चालवायला दुसऱ्या पुरुषापासून मूल व्हावं म्हणून, सत्यवतीने विधवा सुनांना व्यासांकडे पाठवलं, अंबिकेने भीतीने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली, त्यांना कोणी विचारलं होतं? मनुस्मृतीत तर आधी नियोग सांगितलाय आणि पुढे त्याचीच निंदा केलीये. ताई, तुम्हाला स्वतःला हे हवंय का, ते आधी ठरवा.

जुळ्यांची आई:
आम्ही यातून गेलोय. माझ्या आईला डोनरचं काहीच वाटलं नाही पण उरलेले भ्रूण फ्रीज करायचे म्हटल्यावर ती रात्रभर झोपली नाही, पुढे त्यांचं काय, भ्रूणहत्येचं पाप लागेल म्हणाली. तो प्रश्न मला आजही खरा वाटतो, म्हणून किती भ्रूण तयार करायचे ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. बाकी आयव्हीएफ-डोनरसाठीच्या २०२१ च्या कायद्यात मूल तुमचंच धरतात, डोनरचा हक्क राहत नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.

प्रश्नकर्ती:
मला हवंय, अगदी मनापासून हवंय. रौहिणेय नावाचं आत्ताच सासूबाईंना सांगितलं, काही बोलल्या नाहीत, चष्मा लावून भागवत काढून बसल्यात.