मदत हवी आहे: बीटाचं सूप विटकरी होतंय आणि मातीचा वास येतोय (दूध-साय न घालता करायचंय)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली आहे. लेक पुण्याला शिकते, सुट्टीत घरी आली ते व्हीगन होऊनच. दूध नाही, तूप नाही, दही नाही, मध पण नाही. बरं, झुणका-भाकर, आंबाडीची भाजी, वरून तुपाची धार सोडली नाही तर वरण, आपलं अर्धं जेवण तसंही व्हीगनच आहे, पण हिचं हिमोग्लोबिन निघालं 10.1 आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, रोज बीटाचं सूप द्या, रक्त वाढते.

गोकुळपेठ मार्केटातून पानांसकट किलोभर बीट आणले. साल काढलं, फोडी केल्या, बुडेल इतकं पाणी घातलं, सहा शिट्ट्या. मिक्सरमधून काढून गाळलं, कॉर्नफ्लोर लावलं आणि गंजात (पातेल्यात) उकळायला ठेवलं तर रंग असा गेला की बाप्पा! लाल सोडून भिजलेल्या विटेसारखा. आणि वास म्हणजे पहिल्या पावसात अंगणातून येतो ना, तोच, फक्त वाटीतून. लेक दोन चमचे खाऊन म्हणते, आई कुंडी चाटल्यासारखं लागतंय.

यांनी मात्र दोन वाट्या संपवल्या आणि सकाळी बाथरूममधून ओरडतच बाहेर आले, लघवी लाल! मागे मुतखडा झाला होता म्हणून थेट दवाखान्यात निघाले होते. हे बीटामुळेच ना? आणि साय-बटर नसताना सूप पोटभरीचं कसं करायचं?

फल्लीदाणा: ताई आधी एक सांगा, खायचा सोडा घातला होता का? बीटाच्या रंगाला आंबट मानवतं, सोडा पडला की तो पिवळट-तपकिरी होतो, जास्त वेळ खळखळ उकळलं तरी रंग जातोच. साल काढू नका, बोटभर देठ ठेवा, शेपूट कापू नका, अख्खे बीट कुकरच्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी नको, पाणी खाली. मग साल हातानेच निघते आणि मातीच्या वासाचा बराचसा भाग सालासोबत जातो. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पावसातल्या मातीचाही तोच, तुमचं नाक बरोबर आहे.
दोन मध्यम बीटांना अर्धी वाटी मसूर डाळ आणि एक टोमॅटो, डाळ वेगळी शिजवा. भिजवलेले मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) सोबत वाटा, सायीची आठवण येणार नाही, कॉर्नफ्लोरही नको. जिरं-लसूण-आल्याची फोडणी, एक उकळी, गॅस बंद, मग लिंबू, वरून सांबार (कोथिंबीर). युक्रेनचं बोर्श सूप पण बीटाचंच, त्यातही टोमॅटो नाहीतर व्हिनेगर घालतात, ते करायची पद्धत 2022 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. आपण तर साधं लिंबू पिळायला सांगून राहिलो.

जवसाची चटणी: लाल लघवी काही जणांना बीटाने होते, एक-दोन दिवसांत जाते. बीट बंद करूनही राहिली किंवा पोट-कंबर दुखली तर दाखवा. पण मुतखडा झाला असेल तर बीट आणि त्याहून जास्त बीटाची पानं जपूनच, त्यांच्यात ऑक्झलेट असतं, बरेचसे मुतखडे त्याचेच होतात, दादांच्या डॉक्टरांना विचारा.
आणि सासूबाईंना दुखवायचं नाही, पण 100 ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. खरं काम मसूर करेल, लिंबाने ते लोह अंगी लागतं, जेवल्या जेवल्या चहा घेतला की अडतं. 10.1 ला नुसत्या सुपावर बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि व्हीगन आहे तर बी-12 चं पण विचारा.

मी, धागाकर्ती: फल्लीदाणा भाऊ, तुम्ही घरात कॅमेरा लावला का? बीट जून निघाले म्हणून चिमूटभर सोडा टाकला होता, हरभऱ्याच्या सवयीने. काल तुमच्या पद्धतीने केलं. लिंबू पिळल्या पिळल्या रंग समोरच उजळला, लेकीने व्हिडिओ काढला आणि दोन वाट्या प्यायली. वास अगदी पुसट राहिला, लसूण वाढवून पाहीन. यांना वेगळं मसुराचं सूप दिलं, तर म्हणतात मला काहून पांढरं? सोमवारी लेकीला दाखवायला नेते. आता पानांचं सांगा, झुणक्यात घातली तर चालतील का? अर्थात यांचं ताट सोडून.